पार्लर चालवता येणं वेगळं, पार्लर शिकवता येणं वेगळं

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की 'ब्यूटिशियन व्हा' अशा जाहिरातींचा पूर येतो. आता त्यांच्या जोडीला 'महिन्याभरात ट्रेनर व्हा', 'कोर्स पूर्ण करा आणि आमच्याकडेच शिकवा' अशाही जाहिराती दिसतात. हे पत्र या दुसऱ्या प्रकारच्या जाहिरातींबद्दल आहे. महिन्याभरात हात बसत नाही, मग शिकवण्याचं तर दूरच. सौंदर्य व्यवसाय शिकवणाऱ्याचं प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय, त्यात काय यायला हवं आणि ते नसलं की वर्गात काय बिघडतं, हे पालकांना आणि या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना कळावं, एवढाच हेतू.

आधी नियमांचं बोलू. महाराष्ट्रात पार्लर उघडायचं तर 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंद करावी लागते. कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर नुसती सूचना दिली तरी भागतं. ही नोंद दुकानाची असते. काम करणाऱ्याचा हात त्यात कुणी तपासत नाही. खासगी अकॅडमीत शिकवणाऱ्या व्यक्तीला तर कायद्याने सक्तीचं असं कोणतंच प्रमाणपत्र लागत नाही. ब्यूटी अँड वेलनेस क्षेत्राची सेक्टर स्किल कौन्सिल प्रशिक्षकांना प्रमाणपत्र देते, पण त्याची गरज सरकारी कौशल्य योजना चालवणाऱ्या केंद्रांपुरतीच असते.

आयटीआयमध्ये मात्र चित्र वेगळं आहे. तिथे कॉस्मेटॉलॉजीच्या, म्हणजे सौंदर्य व्यवसायाच्या, ट्रेडला शिकवायचं तर या विषयातली पदवी आणि एक वर्षाचा अनुभव, किंवा डिप्लोमा आणि दोन वर्षं, किंवा आयटीआयचं प्रमाणपत्र आणि तीन वर्षं, अशी अट आहे. त्यावर शिल्प निदेशकाचं (आयटीआयतल्या शिक्षकाचं) राष्ट्रीय प्रमाणपत्र, म्हणजे एनसीआयसी, हवं. ते मिळतं सीआयटीएस या एका वर्षाच्या प्रशिक्षणातून, राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमध्ये. वर्षाचे 1200 तास. त्यांतले 750 ट्रेडचे, प्रॅक्टिकल आणि थिअरी मिळून. उरलेले 450 तास 'ट्रेनिंग मेथडॉलॉजी'चे, म्हणजे शिकवायचं कसं ते शिकण्याचे. आमचा सगळा भर या 450 तासांवर आहे, कारण प्रशिक्षणार्थी सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्यांच्याकडेच करतात. 'टीएम म्हणजे वह्या भरणं' अशी समजूत पसरलेली आहे आणि काही ठिकाणी ती खरीही असते.

या दुर्लक्षामागे एक जुना गैरसमज आहे: ज्याला काम येतं त्याला ते शिकवताही येतं. प्रत्यक्षात काम जितकं अंगवळणी पडलेलं असेल, तितकं ते सांगणं अवघड जातं. थ्रेडिंग घ्या. दहा वर्षं भुवया करणाऱ्या बाईंना विचारा, धाग्याने केस निघतो कसा? 'असा', म्हणून त्या करून दाखवतील. शिकणाऱ्या मुलीला दिसतं ते इतकंच की बाईंचे हात भराभर हलतात, म्हणून तीही हात हलवते. मग धागा त्वचेवर घासतो, केस मधेच तुटतो, भुवईखाली चीर पडते. खरं गमक असं की हात जवळजवळ जागेवरच राहतात आणि हलतो तो धाग्याचा पीळ. एका बाजूची बोटं उघडली की पीळ दुसऱ्या बाजूला सरकतो आणि वाटेत आलेला केस पकडून मुळापासून उपटतो. पीळ केसाच्या वाढीच्या उलट दिशेने सरकला पाहिजे. क्लायंटने एक हात भुवईच्या वर आणि एक पापणीवर ठेवून त्वचा ताणून धरली पाहिजे, कारण सैल त्वचा पिळात सापडते आणि कापली जाते. एवढं वाक्यात मांडता आलं की मुलगी आधी स्वतःच्या पायावर सराव करून दोन दिवसांत पीळ सरकवायला शिकते. मांडता आलं नाही तर दोन महिने चाचपडते आणि शेवटी 'हिच्या हातात नाही' असा शेरा घेऊन बसते.

निदेशकाच्या प्रशिक्षणात याला टास्क ॲनालिसिस म्हणतात. कामाची एकेक पायरी सुटी करायची. प्रत्येक पायरीपुढे तिचा मर्म-मुद्दा लिहायचा आणि त्याच्यापुढे कारण. तीन रकाने, बस्स. 'नख फाइल करणे' ही एक पायरी झाली. 'कडेकडून मध्याकडे, एकाच दिशेने' हा मर्म-मुद्दा. 'करवतीसारखं पुढे-मागे घासलं तर नखाचे थर सुटतात' हे कारण. प्रशिक्षणार्थी पहिला रकाना झटकन भरतात, दुसरा अर्धवट ठेवतात आणि तिसरा कोरा सोडतात. पुढे वर्गात नेमके त्या कोऱ्या रकान्यातले प्रश्न येतात.

आता डेमोबद्दल. पार्लर शिकवण्याचा हा प्राण आहे आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. पहिली चूक उभं राहण्याची. मुली समोर उभ्या राहिल्या की त्यांना डावं-उजवं उलटं दिसतं. हेअरकटमध्ये सेक्शन कुठल्या हातात आणि कंगवा कुठल्या कोनात, हे त्या उलटंच टिपून घेतात. बघणाऱ्यांनी शिकवणाऱ्याच्या मागे आणि खांद्याच्या बाजूला उभं राहायला हवं, एका वेळी सहा ते आठ जणींनी. बाकीच्यांना तेवढ्या वेळात दुसरं काम द्यावं आणि डेमो पुन्हा करावा. चोवीस जणींना एकदम दाखवलेला डेमो मागच्या सोळा जणींनी पाहिलेलाच नसतो. डावखुऱ्या मुलीला समोर उभं राहून आरशासारखं बघणं उलट सोयीचं पडतं, आणि तिला कात्रीही डावखुरीच लागते. साधी कात्री डाव्या हातात धरली की पाती मिटताना एकमेकींपासून दूर ढकलली जातात आणि केस कापला न जाता दुमडतो.

दुसरी चूक एकाच वेळी करून दाखवण्याची आणि बोलण्याची. नवशिक्याचं डोकं दोन्ही एकदम घेऊ शकत नाही. चांगला डेमो चार फेऱ्यांत होतो. पहिल्या फेरीत काम नेहमीच्या वेगाने आणि न बोलता करायचं, म्हणजे पूर्ण झालेलं काम कसं दिसतं ते कळतं. दुसरीत सावकाश, प्रत्येक पायरीचं नाव आणि कारण सांगत. तिसऱ्या फेरीत मुलीने सांगायचं आणि शिकवणाऱ्याने ती सांगेल तसंच करायचं. ती चुकीचं सांगत असेल तर धोका नसेल तोवर चुकीचंच करायचं, म्हणजे चूक तिला डोळ्यांनी दिसते. चौथ्या फेरीत मुलगी करते आणि करता करता बोलते. घाईत बहुतेक जण तिसरी फेरी गाळतात. आमच्या मते सगळ्यात जास्त शिकणं त्या फेरीतच होतं.

वेळेचा हिशोबही मांडून पाहावा. दोन तासांचं प्रॅक्टिकल म्हणजे 120 मिनिटं. डेमोला 20, मांडामांड आणि आवराआवर 15. उरली 85. आयटीआयच्या एका तुकडीत 24 जण. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला शिकवणाऱ्याची साडेतीन मिनिटं. ती कुणावर, केव्हा आणि कशासाठी खर्च करायची हे आधी ठरवलेलं नसेल तर सगळी पुढे पुढे करणाऱ्या चार मुलींवर जातात आणि कोपऱ्यातली मुलगी वर्षभर कोपऱ्यातच राहते. म्हणून लेसन प्लॅनमध्ये फक्त विषय लिहून चालत नाही. मी कोणत्या तीन ठिकाणी सगळ्यांना थांबवून तपासणार, हेही लिहावं लागतं. वॅक्सिंगमध्ये पहिली तपासणी वॅक्सच्या तापमानाची, स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून. दुसरी थराच्या जाडीची आणि दिशेची: लावायचं केसांच्या वाढीच्या दिशेने आणि स्ट्रिप ओढायची उलट दिशेने, त्वचेला समांतर. वर उचलून ओढली की केस तुटतो आणि त्वचा सोलते. तिसरी तपासणी स्पॅच्युलाची: एकदा त्वचेला लागलेला परत भांड्यात जाता कामा नये.

उद्दिष्ट लिहितानाही असाच ढिलेपणा दिसतो. 'विद्यार्थिनींना हेअर कलरची माहिती देणे' हे उद्दिष्ट नव्हे. माहिती दिली की शिकवणाऱ्याचं काम संपतं, मुलीचं सुरूसुद्धा होत नाही. 'डमीवर चार भागांत सेक्शन घेऊन, 6 मिलिमीटरच्या पट्ट्यांत, 20 मिनिटांच्या आत मुळांना रंग लावता येणे' असं लिहिलं तर साध्य झालं की नाही ते कुणीही तपासू शकतो. आणि ही 20 मिनिटं उगाच नाहीत. रंगाची वेळ शेवटची पट्टी लावून झाल्यावर मोजायला सुरुवात होते. लावायलाच 45 मिनिटं लागली तर पहिला भाग शेवटच्यापेक्षा पाऊण तास जास्त रंगात राहतो आणि डोकं ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. त्यामुळे नवशिक्यांना आधी बाऊलमध्ये साधा कंडिशनर द्यावा आणि ब्रश, सेक्शन आणि घड्याळ यांचाच सराव करून घ्यावा. वेळ जमली की मगच रंग द्यावा. नायलॉनच्या केसांचा डमी मात्र रंगाला उपयोगाचा नाही. तो रंग धरत नाही आणि स्ट्रेटनरखाली वितळतो. रंगासाठी आणि उष्णतेच्या कामासाठी माणसाच्या केसांचाच डमी हवा. तो परवडत नसेल तर पार्लरमध्ये कापलेले लांब केस धुऊन, एका टोकाला बांधून त्यांच्या बटा कराव्यात. रंग शिकायला त्या पुरतात.

हातानंतर येतं 'का'. शिकवणाऱ्याचा कस इथे लागतो. रंगात मिसळायचे डेव्हलपर 10, 20, 30, 40 व्हॉल्यूमचे म्हणजे अनुक्रमे 3, 6, 9 आणि 12 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे, हे मुली पाठ करतात. पण 20 व्हॉल्यूम म्हणजे काय, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. त्या द्रावणाच्या एका लिटरमधून 20 लिटर ऑक्सिजन वायू सुटू शकतो, म्हणून 20. हे एकदा कळलं की जास्त व्हॉल्यूम म्हणजे 'जास्त चांगला रंग' ही खुळी समजूत आपोआप गळून पडते. पांढरे केस झाकायला सहसा 20 व्हॉल्यूम लागतो. 40 ने केसाचा मूळ रंग जास्त उडतो आणि टाळू भाजते. प्रमाणही तोंडी न सांगता वजनकाट्यावर करून घ्यावं. एकास दीड असेल तर 40 ग्रॅम रंगाला 60 मिली डेव्हलपर. आणि ते प्रमाण दर कंपनीचं वेगळं असतं, म्हणून आधी डबीवरचा कागद वाचायचा. कधी न रंगवलेले केस फिकट करायचे असतील तर सुरुवात मुळांपासून एक-दोन सेंटिमीटर सोडून करायची, कारण टाळूच्या उबेने मुळांशी प्रक्रिया वेगाने होते आणि मुळं आधी पिवळी पडतात. ही चूक शहरातल्या चकचकीत सलोनमध्येसुद्धा दिसते.

रंगाच्या डबीवर एक इशारा छापलेला असतो, तो प्रत्येक बॅचमध्ये मोठ्याने वाचून घ्यायला हवा: आधी पॅच टेस्ट करा, आणि हा रंग भुवया आणि पापण्यांना लावू नका, त्याने आंधळेपण येऊ शकतं. हा इशारा आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनीच बंधनकारक केलेला आहे. तरी भुवयांना रंग लावून देणारी पार्लर आहेत, आणि तो लावायला शिकवणारे वर्गही आहेत. पॅच टेस्ट कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला करायची आणि 48 तासांनी बघायची. 'अर्ध्या तासात काही झालं नाही, म्हणजे चालतं' हे चूक आहे. पीपीडीची, म्हणजे केसांच्या गडद रंगातल्या रसायनाची, ॲलर्जी उशिरा उठते आणि एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. त्यात आपल्याकडे काळी मेंदी. शुद्ध मेंदी केस काळे करत नाही, तांबूस करते. झटपट काळा रंग देणाऱ्या पुड्यांमध्ये बहुतेक वेळा पीपीडीच असतं, आणि क्लायंट मात्र 'मी केमिकल वापरत नाही, फक्त मेंदी लावते' असं खात्रीने सांगते. हे उत्तर आल्यावर पुढचे तीन प्रश्न कोणते विचारायचे, याचा सराव दोघी-दोघींच्या जोड्या करून घ्यावा: कुठल्या रंगाची मेंदी, किती वेळ ठेवली, लावल्यावर कधी खाज किंवा सूज आली का. केसांत धातूंचे क्षार असल्याची शंका असेल तर थोड्या कापलेल्या केसांवर चाचणी करता येते. 30 मिली 20 व्हॉल्यूम पेरॉक्साइडमध्ये 28 टक्क्यांच्या अमोनियाचे 20 थेंब घालून त्यात केस अर्धा तास बुडवायचे. द्रावण तापलं, फसफसलं किंवा केसाचा रंग लगेच उडाला तर त्या डोक्याला पेरॉक्साइड लावायचं नाही. वर्गात काचेच्या भांड्यात ही चाचणी एकदा दाखवली की मुली ती विसरत नाहीत.

रिबॉन्डिंगचंही, म्हणजे रसायनाने केस सरळ करण्याचंही, तसंच. थायोग्लायकोलेटचं क्रीम केसातले डायसल्फाइड बंध सोडवतं आणि न्यूट्रलायझर ते नव्या आकारात पुन्हा जोडतो. एवढं समजलेल्या मुलीला कळतं की क्रीम नीट धुतलं गेलं नाही तर बंध सुटतच राहतात, न्यूट्रलायझर घाईत काढला तर ते पुरते जुळत नाहीत, आणि दोन्ही वेळा केस तुटतो. ब्लीच केलेल्या केसांना ते का करू नये, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. 'फॉर्मल्डिहाइडमुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही स्मूदनिंग क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. ते लावल्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली आहेत. शिकवणाऱ्याने ही नवी माहिती ठेवायची नाही तर कुणी?

चेहऱ्याच्या बाबतीत एकच मुद्दा मांडतो, कारण तो फार गंभीर आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडची गोरेपणाची क्रीम लावून पातळ, लाल, रक्तवाहिन्या दिसणारी त्वचा घेऊन क्लायंट पार्लरमध्ये येतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीविना विकायला बंदी घातली, तरी ती वापरात आहेतच. अशा त्वचेवर ब्लीच, स्क्रब, वॅक्स यांतलं काहीही करायचं नाही. क्लायंटला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायचं. आणि क्रीम एकदम बंद करायला सांगायचं नाही, कारण त्याने त्वचा भडकते. ते काम डॉक्टरांचं. 'नाही' कसं म्हणायचं हेसुद्धा शिकवावं लागतं. समोर बसलेल्या बाईला दुखावेल किंवा घाबरवेल असं न बोलता नकार देणं हे कौशल्य आहे आणि त्याचाही डेमो घ्यावा लागतो.

निर्जंतुकीकरणाचा धडा बहुतेक वर्गांत पहिल्या आठवड्यात उरकतात आणि नंतर विसरतात. तो रोजचा हवा. क्रम नेहमी एकच: आधी साबण-पाण्याने घासून धुणं, मग जंतुनाशक. केस, त्वचेचे कण, तेल यांच्या थराखाली जंतुनाशक पोचत नाही, म्हणून न धुता बुडवलेला पुशर (नखाच्या मुळाशी असलेली त्वचा मागे ढकलायचं हत्यार) हा फक्त ओला झालेला पुशर असतो. 5 टक्क्यांच्या ब्लीच द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग, म्हणजे 100 मिलीला 900, की अर्धा टक्का होतो. हे द्रावण रोज ताजं करायचं, वस्तू 10 मिनिटं बुडालेली ठेवायची आणि नंतर धुवायची. धातूला ते गंजवतं. अल्कोहोल 70 टक्क्यांचं घ्यायचं. 99 टक्क्यांचं जास्त जालीम वाटतं, पण जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं आणि शुद्ध अल्कोहोल त्याआधीच उडून जातं. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्र, 121 अंश सेल्सिअस आणि 15 पौंड दाबावर किमान 15 मिनिटं. आणि पार्लरमधला तो निळ्या दिव्याचा यूव्ही डबा: त्यात स्वच्छ वस्तू स्वच्छ ठेवता येतात, अस्वच्छ वस्तू निर्जंतुक होत नाहीत, कारण उजेड जिथे पडतो तेवढ्याच पृष्ठभागावर त्याचा परिणाम होतो. हेपटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही किमान सात दिवस टिकतो, हे सांगितल्यावर मुली ब्लेड आणि नखांच्या निपरकडे वेगळ्या नजरेने बघतात.

थ्रेडिंगचा धागा दातांत धरण्याची पद्धत इथेच सोडवायची. थुंकीचा ओला धागा क्लायंटच्या उपटलेल्या, उघड्या केसमुळांवरून फिरतो. धागा मानेभोवती अडकवून तेच काम होतं. जुन्या हातांना सवय मोडणं जड जातं, म्हणून नव्या हातांना पहिल्या दिवसापासून मानेचीच पद्धत शिकवावी. पण शिकवणाऱ्यालाच ती येत नसेल तर? निदेशकाच्या प्रशिक्षणातले ट्रेडचे तास खरं म्हणजे यासाठी आहेत: आपल्याच चुकीच्या सवयी शोधून मोडण्यासाठी.

विजेच्या यंत्रांबद्दल थोडक्यात. हाय फ्रिक्वेन्सीची काचेची कांडी त्वचेवर ठेवताना आणि उचलताना तिच्यावर बोट ठेवायचं, म्हणजे ठिणगी क्लायंटला बसत नाही. अल्कोहोल असलेलं लोशन लावलेल्या चेहऱ्यावर ती फिरवायची नाही, ते पेटू शकतं. पेसमेकर असलेल्या आणि गरोदर क्लायंटवर ही यंत्रं वापरायची नाहीत.

आता परीक्षेकडे. अंतर्गत गुण देताना शिकवणारे झालेलं काम बघतात: भुवई सुबक आली, 100 पैकी 80. पण ती सुबक भुवई हात न धुता, जुन्या धाग्याने केलेली असू शकते. गुणतक्त्यात काही मुद्दे असे हवेत की ते चुकले तर बाकी कितीही गुण असले तरी प्रयत्न नापास: पॅच टेस्टची चौकशी, हातांची आणि हत्यारांची स्वच्छता, वॅक्सचं तापमान, डोळ्यांचं संरक्षण. बाकीच्या मुद्द्यांना 'चांगलं', 'बरं' असे शब्द न वापरता मोजता येईल असं वर्णन द्यावं. दोन निदेशकांनी एकाच मुलीचं काम एकमेकांशी न बोलता तपासून पाहावं. गुणांत दहाहून जास्त फरक पडला तर दोष मुलीत नाही, तक्त्यात आहे. आणि चूक सुधारताना मुलीच्या हातातून कंगवा काढून घेऊ नये. कंगवा घेतला की शिकणं थांबतं. शब्दांनी सांगावं, फार तर आपला हात तिच्या हातावर ठेवून कोन दाखवावा.

सक्तीचा परवाना आणला की सगळं सुधारेल, असं आमचं म्हणणं नाही. अमेरिकेत या व्यवसायाला राज्याराज्यांचे परवाने आहेत. मिनेसोटाने न्हाव्यांसाठी तो 1897 मध्येच आणला. शिकवणाऱ्यांसाठी वेगळा परवानाही अनेक राज्यांत आहे, पण टेक्सासने 2021 मध्ये तो रद्द केला. कागदाबद्दल मतभेद तिथेही आहेतच. आमची मागणी साधी आहे. खासगी अकॅडमीने शिकवणाऱ्याची पात्रता, म्हणजे ट्रेडचं शिक्षण, कामाची वर्षं आणि शिकवण्याचं प्रशिक्षण, प्रवेश अर्जावर छापणं बंधनकारक व्हावं. सीआयटीएसमधले अध्यापन-सरावाचे पाठ आपल्याच वर्गमैत्रिणींसमोर न होता आयटीआयच्या खऱ्या, नवख्या तुकडीसमोर व्हावेत. ज्यांना सगळं येतं त्यांना शिकवून शिकवणं येत नाही. आणि एनसीआयसी घेऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्या निदेशकांसाठी रसायनं आणि निर्जंतुकीकरण यांचं उजळणी प्रशिक्षण नेमाने व्हावं.

या वर्षी सीआयटीएसला जाणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून आपला प्रत्येक सराव-पाठ मोबाइलवर चित्रित करून ठेवावा आणि दोनदा बघावा: एकदा आवाज बंद करून, एकदा चित्र न बघता फक्त ऐकून. आवाज बंद असताना आपली पाठ वर्गाकडे किती वेळ होती ते दिसतं. नुसतं ऐकताना 'हे असं', 'इथून तिथे', 'थोडंसं' हे शब्द किती वेळा आले ते मोजावं. प्रत्येक 'असं' म्हणजे सांगायची राहून गेलेली एक पायरी.

पालकांनी आणि मुलींनी प्रवेशाचे पैसे भरण्याआधी अकॅडमीला विचारावं: एक तास वर्गात मागे बसू द्याल का? बसायला मिळालं तर बघावं, डेमोच्या वेळी मुली कुठे उभ्या आहेत, बाऊलमधला रंग वजन करून घेतला जातो की अंदाजाने, आणि धागा कुठे धरलेला आहे.

कळावे,
कॉस्मेटॉलॉजी शिकवणाऱ्या काही शिल्प निदेशक